काळम्मावाडीचं पाणी, कणकुंबीची रेंज

रोज संध्याकाळी आम्ही तिघी मैत्रिणी सीमाभागातल्या गावांसाठी हवामानाची बातमी मराठीत रेकॉर्ड करतो आणि फोनवरून पाठवतो. दोन-अडीच मिनिटांचा आवाज. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला, हवामान खात्याचा इशारा, कर्नाटकाच्या आपत्ती निगराणी केंद्राचे पावसाचे आकडे, कोल्हापूरच्या पाटबंधारे खात्याकडून येणारी धरणांची माहिती, असं सगळं त्यात असतं. निम्मी माहिती कन्नडमधून येते, निम्मी मराठीतून, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला दोन्ही लागते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा या सगळ्या महाराष्ट्राच्या घाटात उगवतात आणि पूर घेऊन इकडे उतरतात.

पण ही बातमी ऐकून माणसं पुढे काय करतात, हे बेळगावात बसून समजत नव्हतं. म्हणून जुलैच्या मध्यावर, आषाढाचा पाऊस जोर धरत असताना, आम्ही दोघी निघालो. तिसरीनं घरून रोजची बातमी सांभाळली. माझी मैत्रीण कन्नड शाळेत शिकलेली, मी मराठी. त्यामुळे खानापूरच्या जंगलापासून अथणीच्या माळापर्यंत बोलायची अडचण कुठेच नव्हती.

सोमवार : येळ्ळूर

बेळगावच्या बासमतीचं नाव ज्या शिवारामुळे आहे, ते शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरचं शिवार बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगाला पसरलंय. नाल्यात गाळ आणि जलपर्णी. दोन दिवस सलग पाऊस लागला की पाणी पुढे सरकत नाही, काठ सोडून भातात शिरतं आणि तिथेच बसतं. नाला साफ करा ही मागणी दर उन्हाळ्यात होते आणि दर पावसाळ्यात भात बुडतं.

बांधावर भेटलेले काका साठीच्या पुढचे. त्यांच्याकडे फोन साधाच, पण सुनेच्या फोनवर ते रोज आमचा आवाज ऐकतात. मी विचारलं, भाकिताचा उपयोग होतो का? त्यांनी सरळ हिशोब मांडला. "तुमचं भाकीत चार-पाच दिवसांचं. तरवा तयार व्हायला लागतात तीन आठवडे. भात बुडल्यावर पाऊस येणार होता हे कळून काय उपयोग? परत लावायला रोप पाहिजे की." म्हणून त्यांनी उंचवट्यावरच्या तुकड्यात उशिरा टाकलेला दुसरा तरवा, म्हणजे भाताची रोपं, राखून ठेवलाय. खालच्या खाचरातलं भात कुजलं तर हा कामी येईल, नाही कुजलं तर शेजाऱ्याला. भाकितावरून ते एवढंच ठरवतात की खालच्या खाचरात लावणी आज करायची की पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

हवामान बदलाशी जुळवून घेणं म्हणजे काय, यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. काकांच्या त्या हिरव्यागार तुकड्याशेजारी उभं राहिल्यावर ते जसं समजलं तसं आधी समजलं नव्हतं. भाकीत, बियाणं आणि हाताशी असलेला वेळ यांची सांगड बसली तरच माहितीला अर्थ. काकांनी ती सांगड स्वतःच्या अनुभवातून घातली होती. आमच्या बातमीत मात्र "भात शेतीतील अतिरिक्त पाण्याचा निचरा करावा" एवढंच वाक्य असायचं. निचरा करायचा कुठे? नाला तर शेताच्या वरून वाहतोय.

पाण्याखाली पंधरवडाभर तग धरणारी स्वर्णा सब-१ ही भाताची जात २००९ मध्ये आपल्याकडे आली, हे काकांना ठाऊक होतं. "खरं, तिला आमच्या बासमतीचा वास कुठला?" एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला. त्यांच्या घरी बियाणं पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं आहे, आणि ते टिकावं असं मलाही मनापासून वाटतं.

संध्याकाळी येळ्ळुरात बायका-माणसं जमली. तक्रार एकच होती: "जिल्ह्याचं नको, आमच्या नाल्याचं सांगा." ती रास्तच आहे. बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि अथणीकडे पाचशे-सहाशे. "जिल्ह्यात बहुतांश ठिकाणी मध्यम पाऊस" या वाक्यानं यातल्या कुणाचंच भलं होत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेघदूत ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला येतो, पण तोही मोठ्या टापूचा. धूळवाफ पेरणीच्या वेळी तर गावागणिक आठवड्याचा फरक पडतो. मेअखेर कोरड्यात पेरलेलं बी उगवण्याआधी मोठा पाऊस आला की कुजतं, आणि पाऊस लांबला की पाखरं वेचतात.

त्याच बैठकीत ठरलं की नाल्याच्या वरच्या बाजूला शेत असलेल्या दोघांनी पाऊस असेल त्या दिवशी पाण्याचा फोटो टाकायचा आणि खालच्यांनी तो बघून गुरं, इंजिनं हलवायची. आमची बातमी त्यात कुठेच लागत नव्हती. याचं मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

मंगळवार : जांबोटी, कणकुंबी

चोर्ल्याच्या रस्त्यानं जांबोटी मागे टाकली की फोनच्या काड्या एकेक करून कमी होतात. कणकुंबीत रेंज येते-जाते. आत, भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कृष्णापूरकडे ती नसतेच. पावसाळ्यात या गावांत आजारी माणूस असेल तर त्याला डोलीतून बाहेर आणावं लागतं. "डिजिटल सल्ला" हे शब्द इथे उच्चारायला जीभ रेटत नाही.

कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निगराणी केंद्रानं ग्रामपंचायतींपर्यंत पावसाची स्वयंचलित मापकं नेऊन बसवली आहेत, हे काम मोठं आहे. राज्यभर अशी सहा हजारांहून जास्त मापकं आहेत. सौर पाटीवर चालतात आणि दर पंधरा मिनिटांनी पडलेला पाऊस मोजून बंगळुरूला पाठवतात. हे केंद्र १९८८ मध्ये दुष्काळावर नजर ठेवायला म्हणून निघालं, आणि आता पूर, वीज, पाऊस सगळं बघतं. त्यांची वरुणमित्र ही मदतवाहिनी दिवसरात्र चालते. या बाबतीत कर्नाटक कितीतरी राज्यांच्या पुढे आहे, हे सीमाभागातल्या मराठी माणसानंही मोकळेपणानं म्हणायला हवं.

फक्त एवढंच की पंचायतीवरून बंगळुरूला गेलेला आकडा त्याच पंचायतीखाली राहणाऱ्या माणसाला दिसत नाही.

कणकुंबीकडच्या एका वाडीत आशाताई भेटल्या. त्यांना रेंजची टेकडी माहीत आहे. आठवड्यातून तीन-चारदा तिथवर चालत जाऊन त्या कामाचे मेसेज उतरवून घेतात आणि त्यातच आमचा आवाजही. ऐकून झाला की वहीच्या कागदावर चार ओळी लिहितात. मी ती चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. निळ्या बॉलपेनानं, मोठ्या अक्षरांत: "उद्या परवा जोराचा पाऊस. ओढा ओलांडू नका. वीज आहे. गुरं आत बांधा." दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, वरून गाठ मारून, ती वस्तीच्या बसच्या कंडक्टरकडे जाते. पुढच्या फाट्यावरच्या दुकानात फळा आहे. दुकानदार चिठ्ठी वाचून फळ्यावर लिहितो आणि पलीकडच्या वाड्यांतली माणसं मीठ-तेल न्यायला आली की वाचतात.

याहून महत्त्वाचं म्हणजे चिठ्ठी परत येते. त्याच कागदाच्या पाठीवर दुकानदार लिहितो: "काल ओढ्याला कमरेएवढं पाणी. पुलावरून गेलं, दुपारी उतरलं." ही ओळ आशाताई परत टेकडीवर जाऊन खानापूरच्या नातेवाइकांना सांगतात. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, आणि खानापूर शहर त्याच नदीच्या काठी. वर ओढ्याला किती पाणी आहे हे खाली वेळेत कळलं तर खानापूरच्या काठावरच्या घरांना सामान उचलायला अवधी मिळतो. आपण "माहिती पोहोचवणे" म्हणतो तेव्हा ती नेहमी शहराकडून रानाकडेच जायची असं गृहीत धरतो. इथे रानाकडची माहिती शहराला जास्त मोलाची आहे.

विजेचा प्रश्न वेगळा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं दामिनी ॲप तुमच्या भोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सावध करतं. कर्नाटकाचं सिडिलु ॲपही आहे. वळवाच्या दिवसांत भाताची जमीन तयार करणाऱ्यांना याची खरी गरज असते, पण दोन्ही ॲपना इंटरनेट लागतं. २०२३ मध्ये देशभर ज्याच्या चाचण्या झाल्या, फोन अचानक मोठ्यानं कर्कश वाजायचा ती पद्धत निराळी. साधा मेसेज एकेका नंबराला जातो, गर्दी झाली की अडकतो. ही सूचना टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एका दमात जाते, नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. टॉवर मात्र लागतो. त्यामुळे जंगलातल्या गावांना अजून आकाशवाणीचाच आधार. धारवाड केंद्र १९५० पासून बोलतंय, आणि घाटात, वीज गेलेली असताना, सेलवर चालणाऱ्या रेडिओत ते लागतं. रेडिओ जुना झाला असं म्हणणाऱ्यांनी एक रात्र इथे काढावी.

बुधवार : संकेश्वर

दिवसभर पाऊस. हत्तरगीवरून संकेश्वर, पुढे निपाणी. हिरण्यकेशी गढूळ, भरून वाहत होती. आमच्याबरोबर कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांच्याशी गाडीत बोलणं झालं. २०१८ नंतर देशभरातल्या १९९ कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा पातळीवरचे हवामान कक्ष सुरू झाले होते. त्यांचं काम तालुक्याचं भाकीत घेऊन तिथल्या पिकाच्या भाषेत सांगायचं. मार्च २०२४ मध्ये ते बंद केले गेले. आकडे आता यंत्रं देतील, माणसांची गरज काय, असा त्यामागचा विचार दिसतो. येळ्ळूरच्या काकांशी बोलून आलेल्या मला तो अजिबात पटत नाही. यंत्राला पाऊस कळतो, तरवा कळत नाही.

गुरुवार : यमगर्णी, जत्राट, भोज

हा दिवस मी विसरणार नाही.

यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर येऊन पुणे-बंगळुरू वाहतूक थांबली, हे २०१९ आणि २०२१ मध्ये साऱ्या देशानं पाहिलं. निपाणीच्या लोकांना ते नवं नाही. दर वर्षी जत्राट-भिवशी, अकोळ-सिदनाळ, भोज-कुन्नूर असे बंधारे एकापाठोपाठ पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या गावांचा रस्ता लांबचा होतो. जत्राटच्या काठावर उभं राहिलो तेव्हा बंधाऱ्याच्या कडेचे दगड जेमतेम दिसत होते. एकानं सांगितलं, "आज रातीला जातंय बघा हे."

मोटारी काढायची घाई चालली होती. काठावर विजेचे पंप बसवलेले असतात. नदी चढायच्या आत ते उचलून वर आणावे लागतात. चार गडी, ट्रॅक्टर, दोर, आणि एका मोटारीला निदान दोन-तीन तास. एका शेतकऱ्याच्या दोन, भावाची एक, शेजाऱ्याची एक, असं धरलं तर अख्खा दिवस जातो. मोटार बुडाली की तिची गुंडाळणी नव्यानं करून घ्यावी लागते आणि तो खर्च हंगामाचं कंबरडं मोडतो. त्यामुळे इथल्या माणसाला "रेड अलर्ट, ऑरेंज अलर्ट" याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला एकच हवं असतं: माझ्या मोटारीपर्यंत पाणी कधी येईल? आज संध्याकाळी की उद्या सकाळी?

दुपारी भोजला गेलो. वेदगंगा आणि दूधगंगेचा संगम इथे आहे. बचत गटाच्या कामात असलेल्या एका ताईंनी गावातल्या काही मुलामुलींना घेऊन एक गोष्ट उभी केली आहे. ती जशी पाहिली तशी सांगते.

देवळाच्या भिंतीवर तीन आडव्या रेघा आहेत, २००५, २०१९ आणि २०२१ अशी सालं लिहून. त्या पुराच्या खुणा. खाली घाटाच्या पायऱ्यांना वरून खाली आकडे घातलेत. ताई सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तिथे जातात, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पायरी दिसेल असा व्हिडिओ घेत बोलतात: "आज गुरुवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं, भोजचा संगम. पाणी चौथ्या पायरीला हाय. काल सांजच्याला सहाव्या पायरीला हुतं. दोन पायऱ्या चढलंय." वार, वेळ, जागा, खूण. एवढं नसलेला व्हिडिओ गावच्या गटात चालत नाही, असा नियम. कारण सरळ आहे. पुराच्या दिवसांत २०१९ चे जुने व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतात, धरण फुटल्याच्या अफवा उठतात, आणि मध्यरात्री माणसं लेकरं काखेत मारून पळतात. व्हिडिओत वार आणि वेळ बोललेली असली की जुना माल खपत नाही.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते शाळेच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेलं नद्यांचं चित्र. त्याच्यापुढे उभं राहून ताईंनी जे सांगितलं ते आमच्या बातमीत कधीच आलं नव्हतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की टीव्हीवर मोठी बातमी होते. सात दरवाजे, एकेकातून १४२८ क्युसेक. जत्राटपासून भोजपर्यंत सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला जातं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. वेदगंगेशी त्याचा थेट संबंध नाही. जत्राटला बघायचं वेदगंगेवरचं पाटगाव धरण, म्हणजे मौनीसागर, आणि भुदरगडच्या घाटातला पाऊस. संगमाच्या खाली, भोज-सदलग्याला, त्यात दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणीही धरायचं. आणि राधानगरी उघडली तर इथे परिणाम होतो तो उलट्या बाजूनं: कृष्णेला फुग येते, ती दूधगंगेचं पाणी सामावून घेत नाही, मग आपल्याकडचं पाणी उतरायचं थांबतं. चढायला पाटगाव आणि काळम्मावाडी, उतरायला कृष्णा. एवढी गोष्ट गावातल्या पोरासोरांना पाठ आहे.

ताईंच्या वहीत मागच्या पावसाळ्यांच्या नोंदी आहेत. काळम्मावाडीतून विसर्ग वाढवल्याचा मेसेज कधी आला, पायरी कधी बुडाली. त्यावरून त्यांना अंदाज बांधता येतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, हे सांगून कुणाला काही समजत नाही. "मागच्या साली एवढं सोडलं तेव्हा सहावी पायरी गेली" हे सगळ्यांना समजतं. केंद्रीय जल आयोगाचं सदलग्याला दूधगंगेवर मोजमाप केंद्र आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या त्यांच्या फ्लडवॉच ॲपवर पाण्याच्या पातळ्या बघायला मिळतात. मुलांनी ते ॲप उघडलं, पण त्यातले मीटर आणि घाटाच्या पायऱ्या यांचा मेळ बसवायचं काम ताईंच्या वहीनंच केलं.

कुणी म्हणेल, हे काम सरकारचं. सरकारचं आहेच. दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी पावसाळ्यात एकमेकांशी बोलत असतात, विसर्गाचे आकडे कळवतात. पण ते बोलणं कचेरीतून कचेरीत जातं. निपाणीच्या तहसील कचेरीतून आलेली सूचना कन्नडमध्ये, काळम्मावाडीची मराठीत. ज्या घरात वाचणारं कुणी नाही तिथे दोन्ही सारख्याच मुक्या. संकटाची सूचना ज्याला द्यायची त्याच्या भाषेत द्यावी, यात राजकारण आणायचं काही कारण नाही. दत्तवाडच्या कन्नड घरात ती कन्नडमध्ये जावी आणि भोजच्या मराठी घरात मराठीत.

रात्री आम्ही निपाणीतच राहिलो. साडेनऊला जत्राटहून आवाज आला: बंधारा गेला. त्या शेतकऱ्याच्या दोन्ही मोटारी वर आल्या होत्या.

शुक्रवार : येडूर, मांजरी

कृष्णाकाठ. येडूरला वीरभद्राचं दर्शन घेतलं, कल्लोळकडचा बंधारा पाण्याखालीच होता. पुढे मांजरी-अंकलीचा पूल.

इथे माणसं तीन आकडे तोंडपाठ सांगतात: कोयनेत किती साठा, राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी येतंय, खाली कर्नाटकातल्या आलमट्टी धरणातून पुढे किती सोडलं. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) हे चहाच्या टपरीवरच्या पोराला ठाऊक. आलमट्टीचा विषय निघाला की आवाज चढतात. धरणाची पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ पर्यंत न्यायची मुभा कृष्णा लवादानं २०१० मध्ये दिली. तिकडे सांगली-कोल्हापूरची भीती, इकडे विजापूर-बागलकोटच्या शेतीची गरज. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानं नेमलेल्या वडनेरे समितीनं सांगलीच्या पुराचा दोष आलमट्टीवर टाकला नाही, तरी वाद मिटला नाही. मला त्यात न्यायनिवाडा करायचा नाही. पण दोन्ही धरणांचे आकडे दर तासाला, दोन्ही भाषांत, सगळ्यांना दिसतील अशा ठिकाणी आले तर निम्मा संशय आपोआप विरेल, असं मला मनापासून वाटतं. संशय वाढतो तो आकडे उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मिळतात म्हणून.

मांजरीत एक कन्नड शिक्षक भेटले. आमचा मराठी आवाज ते ऐकतात आणि त्यातला नदीचा भाग स्वतःच्या आवाजात कन्नडमध्ये करून आपल्या गल्लीत पाठवतात. त्यांनी आम्हाला ऐकवला: "नीर एराकत्तैति, दनकर मॅले तगोंड होग्री." पाणी चढतंय, गुरंवासरं वर न्या. हे ते कधीपासून करतात याचा आम्हाला पत्ताच नव्हता. मैत्रिणीनं तिथेच त्यांना आमच्या तिघींच्या गटात घेतलं. आता कन्नड भाग ते आणि ती मिळून करतील.

शनिवार : कागवाड, अथणी

नदी मागे पडली आणि तासाभरात चित्र पालटलं. इकडे आभाळ नुसतं येतं आणि जातं. कागवाडला म्हैसाळ-मिरज हाकेच्या अंतरावर, आणि द्राक्षबागा दोन्हीकडे सारख्याच.

इथला बागायतदार माहितीच्या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या पुढे आहे. एका बागेत छोटं हवामान केंद्र होतं: तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती तास ओलं राहिलं तेही मोजणारं. पान जास्त तास ओलं राहिलं की दावण्या या बुरशीच्या रोगाचा धोका. तसा निरोप फोनवर येतो. पूर्वी आभाळ आलं की फवारणी व्हायची. आता गरज असेल तेव्हाच होते, आणि औषधाचा, पाण्याचा, मजुरीचा खर्च वाचतो. पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला मराठीत येतो, तो कागवाडच्या कन्नड बागायतदारांनाही समजतो. अवकाळी पाऊस कसा पडतो ते बघून ऑक्टोबर छाटणीची तारीख कशी पुढेमागे करायची, याची चर्चा तासगावच्या आणि अथणीच्या माणसांत फोनवर रात्री अकरापर्यंत चालते. राज्याच्या हद्दीचा त्यांना काहीच अडसर नाही.

मात्र बागेबाहेर, अथणीच्या पूर्वेला कोरडवाहू पट्ट्यात, ज्वारी-मका-तुरीच्या शेतकऱ्याकडे यातलं काही नाही. त्याला हवी असते पावसाच्या खंडाची सूचना. पाऊस पंधरा दिवस दडी मारणार असेल तर खत आत्ता टाकू की थांबू, कोळपणी करून ओल धरू का? तिथे एका बाईंनी मला विचारलं, "तुमचा आवाज फोनवर येतो म्हणता, पण फोन तर यांच्याबरोबर सकाळीच कामाला जातो. मला कधी ऐकायला मिळणार?" शेतातली निम्म्याहून जास्त कामं ज्यांच्या हातून होतात, त्यांच्यापर्यंत फोन दिवसभर पोहोचतच नाही. आपल्या सगळ्या ॲपच्या गणितात हे कुठे धरलेलंच नसतं.

उत्तर तिथल्याच दूध डेअरीनं दिलं. सकाळ-संध्याकाळ बायका दूध घालायला येतात, रांगेत पाच-दहा मिनिटं उभ्या असतात. संकलन केंद्रावर गणपतीतला स्पीकर पडून होता. तो लावला, आणि त्या संध्याकाळी अथणी तालुक्याचा वेगळा रेकॉर्ड केलेला दीड मिनिटाचा आवाज तिथे वाजला, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. किटली खाली ठेवून बायका ऐकत होत्या. दोघींनी लगेच प्रश्न विचारले, तेही आम्ही रेकॉर्ड करून धारवाडकडे पाठवले. यापुढे जाताना आवाज आणि येताना प्रश्न, असं डेअरीवर रोज करायचं ठरलं. स्पीकरची जबाबदारी दूध मोजणाऱ्या मुलीनं घेतली.

रात्री अथणीत बसून आम्ही सगळ्यांना फोन लावले. येत्या आठवड्यापासून जिल्ह्याची एकच बातमी बंद. खानापूर, नदीकाठ आणि अथणी असे तीन आवाज निघतील. कणकुंबीच्या चिठ्ठीतली ओळ खानापूरच्या आवाजात सगळ्यात आधी येईल, भोजची पायरी नदीकाठच्या आवाजात. पंचायतींच्या मापकांचे आकडे दुकानाच्या फळ्यांवर रोज लिहिता यावेत म्हणून पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओंना) द्यायचा अर्ज दोन्ही भाषांत तयार आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळ्यांनी भोजला बसायचं, ताईंची वही बघायची, आणि जत्राटपासून मांजरीपर्यंत कुठल्या घाटाच्या पायऱ्यांना आकडे घालायचे ते ठरवायचं. कणकुंबीहून निघणाऱ्या आशाताईंना दोन बस बदलून यावं लागेल, म्हणून बैठक दुपारी एकला ठेवली आहे.